हुआन मान्युएल फांजिओ : गॅरेजमधील उमेदवारी ते पाच जागतिक अजिंक्यपदे

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाचा विचार करताना मराठी अभ्यासकाची दृष्टी साधारणतः कुस्ती, कबड्डी, हॉकी आणि क्रिकेट या चार खेळांभोवती फिरते. मोटार शर्यत हा खेळ श्रीमंतांचा, परक्यांचा आणि काहीसा निरर्थक जिवावर बेतणारा, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती पूर्णतः चुकीची आहे असेही म्हणता येत नाही. परंतु या खेळाच्या जागतिक स्पर्धेचे पहिले दशक ज्या एका नावाने व्यापले आहे, ते नाव संस्थानिकाचे वा कारखानदाराचे नाही. ते बटाट्याच्या शेतीवर जगणाऱ्या एका लहानशा गावातील गवंड्याच्या मुलाचे आहे. हुआन मान्युएल फांजिओ (१९११-१९९५) यांनी १९५१, १९५४, १९५५, १९५६ आणि १९५७ या पाच वर्षी ग्रां प्री चालकांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. ५१ शर्यतींत २४ विजय ही त्यांची कामगिरी. पाच अजिंक्यपदांचा त्यांचा विक्रम मायकेल शूमाखर यांनी २००३ मध्ये मोडला. मात्र एकूण शर्यतींपैकी जिंकलेल्या शर्यतींचे त्यांचे प्रमाण, जवळजवळ निम्मे, आजही अबाधित आहे.

प्रस्तुत लेखात फांजिओ यांच्या जीवनक्रमाचा परिचय करून देताना दोन प्रश्न मुख्यत्वे विचारात घेतले आहेत. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या एका ग्रामीण कारागिराला जगाच्या व्यासपीठावर नेणारी सामाजिक यंत्रणा कोणती होती? आणि त्यांच्या चालनकौशल्याचे नेमके स्वरूप काय होते? ज्या महाविद्यालयांत बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी व कारागीर कुटुंबांतून येतात, तेथील अध्यापकांना पहिला प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

बालकार्से आणि उमेदवारीचा काळ

अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयरेस प्रांतात, राजधानीपासून सुमारे ४०० किलोमीटर दक्षिणेस, बालकार्से हे गाव आहे. आपल्याकडील तालुक्याच्या गावासारखेच ते बाजारपेठेचे गाव. लातूरचे नाव तुरीच्या डाळीशी जोडले जाते तसे बालकार्सेचे बटाट्याशी. इटलीच्या आब्रुत्सो या डोंगराळ, दरिद्री भागातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांपैकी एक लोरेतो फांजिओ यांचे. ते गवंडीकाम व रंगकाम करीत. त्यांच्या सहा अपत्यांपैकी चौथे अपत्य हुआन मान्युएल. जन्म २४ जून १९११.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच हा मुलगा गावातील गॅरेजमध्ये जाऊ लागला. प्रारंभी झाडलोट, पान्हे पुसणे, सुटे भाग रॉकेलमध्ये धुणे. पुढे मिस्त्रींच्या हाताखाली इंजिन उतरविणे आणि बसविणे. मराठीत 'उमेदवारी' हा यासाठी फार अर्थपूर्ण शब्द आहे. पगारापेक्षा शिकण्याची उमेद हेच त्या काळातील वेतन. किशोरवयात न्यूमोनियाच्या गंभीर आजाराने ते दीर्घकाळ अंथरुणाला खिळले आणि आईच्या शुश्रूषेमुळे वाचले. फुटबॉल खेळताना डावा पाय वाकवून गोल मारण्याच्या लकबीमुळे मित्रांनी त्यांना 'एल चुएको', म्हणजे फेंगड्या, हे नाव दिले. जगप्रसिद्ध झाल्यावरही अर्जेंटिनातील सामान्य माणूस त्यांना याच नावाने ओळखीत असे. लष्करी सेवेच्या काळात त्यांच्याकडे वरिष्ठ अधिकाऱ्याची मोटार चालविण्याचे काम आले. सेवेहून परतल्यावर भाऊ व मित्रांच्या साहाय्याने त्यांनी गावातच स्वतःचे गॅरेज सुरू केले.

पहिली शर्यत ऑक्टोबर १९३६ मधील. वाहन होते फोर्ड कंपनीची जुनी टॅक्सी, मॉडेल ए. घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनी स्वतःचे नाव न देता 'रिव्हादाव्हिया' हे नाव नोंदविले. ते त्यांच्या फुटबॉल संघाचे नाव होते. इंजिनाने दगा दिल्यामुळे ही शर्यत पूर्ण झाली नाही.

लोकवर्गणीची मोटार

त्या काळी अर्जेंटिनात 'तुरिस्मो कार्रेतेरा' नावाचा शर्यतप्रकार अतिशय लोकप्रिय होता. युरोपातील बंदिस्त, डांबरी शर्यतमार्गांशी त्याचे काही साम्य नव्हते. साध्या प्रवासी मोटारींत थोडेफार फेरफार करून त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात, धुळीच्या व चिखलाच्या सार्वजनिक रस्त्यांवरून, अनेक दिवस पळवायच्या. दिवसाचा टप्पा संपला की चालक व सहचालक यांनीच दुरुस्ती करायची. बाहेरच्या मदतीला फारसा वाव नसे. अशा शर्यतीत निव्वळ वेगवान चालक टिकत नाही; वाहनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा मिस्त्री टिकतो. फांजिओ यांच्या घडणीत या शर्यतींचा वाटा मोठा आहे. युरोपीय ग्रंथांत त्यांच्या १९४९ नंतरच्या कारकिर्दीचे जितके तपशील येतात त्या मानाने या दशकाकडे फार थोडे लक्ष जाते, हे खटकणारे आहे.

१९३९ मध्ये त्यांच्याजवळ स्पर्धेच्या योग्यतेची मोटार नव्हती आणि विकत घेण्याची ऐपतही नव्हती. तेव्हा बालकार्सेच्या रहिवाशांनी वर्गणी जमविली आणि शेवरले मोटार खरेदी करून ती फांजिओंच्या हाती दिली. आपल्याकडे गावजत्रेसाठी, मंदिरासाठी, शाळेच्या खोलीसाठी लोकवर्गणी होते. तिचेच हे रूप. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ब्युनोस आयरेस ते पेरूची राजधानी लिमा आणि परत, अशा सुमारे ९,५०० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांनी विजय मिळविला. अँडीज पर्वतातील चार हजार मीटरहून उंच पठारे, विरळ हवेमुळे दमछाक होणारी इंजिने आणि माणसे, रस्ता म्हणून केवळ चाकोऱ्या, असे त्या मार्गाचे स्वरूप होते. १९४० आणि १९४१ अशी सलग दोन वर्षे ते राष्ट्रीय विजेते ठरले. फोर्ड चालविणारे ऑस्कर व हुआन हे गाल्वेस बंधू त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते आणि 'फोर्ड की शेवरले' या प्रश्नावर गावोगावी तट पडले होते.

महायुद्धामुळे इंधन व टायर दुर्मीळ होऊन शर्यती थांबल्या. वयाच्या एकतिसाव्या ते पस्तिसाव्या वर्षापर्यंतचा, खेळाडूच्या दृष्टीने ऐन उमेदीचा काळ अशा रीतीने गेला. या वर्षांत त्यांनी जुन्या ट्रक व टायरांच्या खरेदी-विक्रीवर चरितार्थ चालविला.

ऑक्टोबर १९४८. भारतात हैदराबाद संस्थान विलीन होऊन जेमतेम महिना झाला होता. नांदेड व लातूरच्या लोकांसाठी ते दिवस वेगळ्याच कारणाने अविस्मरणीय आहेत. त्याच सुमारास ब्युनोस आयरेस ते व्हेनेझुएलातील काराकास ही शर्यत सुरू झाली. पेरूमध्ये रात्रीच्या धुक्यात एका वळणावर फांजिओंची गाडी रस्त्याबाहेर कोसळली आणि त्यांचे सहचालक व मित्र दानिएल उर्रुतिया मरण पावले. मागून येणारे स्पर्धक एउसेबियो मार्सिया यांनी शर्यतीचा विचार बाजूला ठेवून जखमी फांजिओंना रुग्णालयात पोहोचविले. मार्सिया त्या शर्यतीत दुसरे आले. ही मदत केली नसती तर ते पहिले आले असते असे अर्जेंटिनात आजही मानले जाते, आणि 'रस्त्यावरचा सज्जन' ही उपाधी त्यांच्या नावामागे कायमची लागली. शर्यत जिंकली दोमिंगो मारिमोन यांनी. त्यांचा मुलगा ओनोफ्रे पुढे फांजिओंचा शिष्यवत सहकारी झाला आणि १९५४ मध्ये जर्मनीतील सरावात मृत्युमुखी पडला. उर्रुतियाच्या मृत्यूनंतर फांजिओ खेळ सोडण्याच्या विचारात होते.

राज्यसंस्थेचा हात

लोकवर्गणीने राष्ट्रीय विजेता घडू शकतो. युरोपातील ग्रां प्री ही त्या पलीकडची गोष्ट होती. त्यासाठी लागणारे धन परकीय चलनात होते. १९४६ मध्ये सत्तेवर आलेल्या हुआन पेरॉन यांच्या सरकारने अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबमार्फत युरोपीय शर्यतीच्या मोटारी विकत घेतल्या, युरोपातील नामांकित चालकांना देशात बोलावून शर्यती भरविल्या आणि निवडक अर्जेंटिनी चालकांना युरोपात पाठविले. १९४९ च्या हंगामात निळ्या-पिवळ्या रंगाच्या मोटारींतून फांजिओ यांनी सान रेमो, पो, पर्पिन्यां, मार्सेय, आल्बी व मोंझा अशा सहा शर्यती जिंकल्या. तोपर्यंत त्यांचे नावही ठाऊक नसलेल्या युरोपीय पत्रकारांना हा धक्का होता.

पेरॉन यांच्या राजवटीला या विजयांचा प्रचारासाठी उपयोग झाला, हे उघड आहे. क्रीडा आणि सत्ता यांचे हे साटेलोटे अभ्यासकांनी टीकेच्या दृष्टीने पाहिले आहे व ते योग्यच आहे. परंतु त्यासोबत दुसरी बाजूही नोंदवावी लागते. राज्यसंस्थेने वाट करून दिली नसती तर बालकार्सेचा मिस्त्री बालकार्सेतच राहिला असता.

येथे महाराष्ट्रातील एका घटनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बालकार्सेची वर्गणी आणि गोळेश्वरची वर्गणी यांत जातकुळीचा फरक नाही. फरक पुढे पडतो. अर्जेंटिनात लोकवर्गणीच्या पुढचा टप्पा शासनाने उचलला. आपल्याकडे तो एका प्राचार्याला उचलावा लागला. जागतिक स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची भिस्त एखाद्या सहृदय माणसाच्या घरावर असावी, ही गोष्ट त्या माणसाच्या मोठेपणाची आहे आणि व्यवस्थेच्या कोतेपणाचीही.

जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा

'ग्रां प्री' या फ्रेंच संज्ञेचा शब्दशः अर्थ 'मोठे बक्षीस'. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या नावाने स्वतंत्र शर्यती होत असत. त्यांना एका सूत्रात गुंफून वर्षअखेर गुणांच्या बेरजेवर जागतिक विजेता ठरविण्याची पद्धत १९५० मध्ये सुरू झाली. पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे, युद्धकाळातील विमानतळाच्या जागेवर झाली. पहिल्या पाच क्रमांकांना अनुक्रमे ८, ६, ४, ३ व २ गुण, तर सर्वांत जलद फेरीस एक गुण. चालक आपली मोटार शर्यत चालू असताना सहकाऱ्याला देऊ शकत असे आणि अशा वेळी गुण विभागले जात. आजच्या वाचकाला विचित्र वाटणाऱ्या या नियमाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

अल्फा रोमिओ संघाचे तीन प्रमुख चालक जुझेप्पे फारिना, लुईजी फाजिओली आणि फांजिओ यांना 'तीन एफ' म्हणत. फांजिओ ३८ वर्षांचे, फारिना ४३ चे, फाजिओली पन्नाशी उलटलेले. आज विशीतील मुले या मोटारी चालवितात हे लक्षात घेता ही वये नवलाची आहेत. 'डॉक्टर फारिना' म्हणून ओळखले जाणारे उच्चशिक्षित फारिना आणि प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे न गेलेले फांजिओ एकाच संघात होते. पहिल्या वर्षी फारिना ३० गुणांसह विजेते झाले, फांजिओ २७ गुणांसह दुसरे. दुसऱ्या वर्षी, बार्सिलोना येथील अखेरच्या शर्यतीत फेरारीने लहान आकाराची चाके निवडली. त्यांचे टायर फाटत गेले आणि फांजिओ जिंकले. हे त्यांचे पहिले अजिंक्यपद.

त्या मोटारींची रचना समजून घेतल्याशिवाय या कामगिरीचे मोल कळत नाही. अल्फा १५९ चे इंजिन अवघे दीड लिटरचे. पण सुपरचार्जर या यंत्राने हवा दाबून आत कोंबल्यामुळे ते चारशेहून अधिक अश्वशक्ती देई. सुपरचार्जर म्हणजे, लोहाराच्या भात्याने कोळसा फुलवावा तसे इंजिनाला अधिक हवा पुरविणारे साधन. इंधनाचा वापर इतका की एका लिटरमध्ये मोटार एक किलोमीटरही जात नसे. टायर अरुंद. ब्रेक आजच्या मोपेडलाही लाजविणारे नसले तरी त्या वेगाला अपुरे. आसनपट्टा नाही, अपघातात बांधून राहण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा समज होता. शर्यतमार्गाच्या कडेला गवताच्या पेंढ्या, झाडे आणि माणसे.

अरुंद टायरांच्या अशा मोटारीने वळण घेण्याची एक विशिष्ट रीत फांजिओंनी परिपूर्ण केली होती. वळणात शिरताना चारही चाके किंचित घसरू द्यायची, म्हणजे मोटार तिरपी होऊन सरकते. मग स्टिअरिंगने कमी आणि एक्सलरेटरच्या दाबाने अधिक, अशा प्रकारे तिला हव्या त्या रेषेवर आणायचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडीरस्त्यावर वाहन चालविलेल्या माणसाला या घसरणीची कल्पना येईल. पण ताशी दीडशे किलोमीटर वेगाने आणि फेरीगणिक त्याच जागी ही घसरण घडवून आणणे ही निराळी बाब आहे. अर्जेंटिनाच्या चिखलातील दहा वर्षे येथे कामी आली, हा निष्कर्ष काढण्यास पुरेसा आधार आहे.

दुसरा गुण निरीक्षणाचा. २१ मे १९५० रोजी मोनाकोतील शर्यतीच्या पहिल्याच फेरीत, बंदराकाठच्या वळणावर लाटेच्या पाण्याने रस्ता ओला होऊन निम्म्या मोटारी एकमेकींवर आदळल्या. फांजिओ त्या वेळी सर्वांच्या पुढे असल्यामुळे अपघात त्यांच्या मागे झाला होता. पूर्ण फेरी मारून ते पुन्हा त्याच आंधळ्या वळणाकडे येत होते. प्रेक्षकांच्या समूहाचा रंग त्यांना बदललेला दिसला. एरवी आघाडीच्या चालकाकडे वळलेल्या चेहऱ्यांऐवजी डोक्यांचा मागील भाग दिसत होता. सर्वजण दुसरीकडे काहीतरी पाहत आहेत, एवढ्यावरून त्यांनी ब्रेक दाबला आणि ढिगाऱ्यातून वाट काढून शर्यत जिंकली.

दुसऱ्या बाजूस, त्यांचा निर्णय नेहमी अचूक असे असे मानणे हे चरित्रलेखन न होता भक्तिलेखन होईल. ७ जून १९५२ रोजी उत्तर आयर्लंडमधील शर्यत संपवून दुसऱ्याच दिवशी मोंझा येथे उतरण्याचा शब्द त्यांनी दिला होता. विमान मिळाले नाही तेव्हा पॅरिसहून रात्रभर मोटार चालवीत ते इटलीत पोहोचले, ते शर्यतीपूर्वी अर्धा तास. दुसऱ्या फेरीत ताबा सुटला, ते गाडीबाहेर फेकले गेले आणि मानेचे हाड मोडले. संपूर्ण हंगाम हातचा गेला. त्या व पुढील वर्षी आल्बेर्तो आस्कारी विजेते झाले.

मर्सिडीजची दोन वर्षे

१९५४ मध्ये जर्मनीची मर्सिडीज कंपनी युद्धानंतर प्रथमच ग्रां प्रीमध्ये परतली. ४ जुलै १९१४ रोजी तिने फ्रान्समधील शर्यत जिंकली होती. बरोबर चाळीस वर्षांनी, ४ जुलै १९५४ रोजी, रीम्स येथे फांजिओ पहिले व त्याच संघाचे कार्ल क्लिंग दुसरे आले. डब्ल्यू १९६ या मोटारीत थेट इंधन फवारणी आणि वारा कापणारे, चाकेही झाकणारे आवरण होते. सरळ मार्गावर हे आवरण लाभदायक ठरले. पण चाके दिसत नसल्यामुळे सिल्व्हरस्टोनच्या वळणांवर खुणेसाठी ठेवलेल्या पिंपांना मोटार धडकत राहिली आणि पुढच्या शर्यतीसाठी उघड्या चाकांची आवृत्ती आणावी लागली. तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हे उदाहरण उद्बोधक आहे.

जानेवारी १९५५ मधील ब्युनोस आयरेसची शर्यत सहनशक्तीची कसोटी होती. तेथे जानेवारी हा भर उन्हाळा. तीन तासांच्या शर्यतीत बहुतेक चालकांना उष्म्याने चक्कर येऊ लागली. मोटारी हातोहात बदलल्या गेल्या. अखेरपर्यंत कोणालाही मोटार न देता दोघांनीच शर्यत पूर्ण केली, फांजिओ आणि रोबेर्तो मिएरेस. दोघेही अर्जेंटिनाचे. तापलेल्या सांगाड्याने फांजिओंचा पाय भाजला आणि तो डाग आयुष्यभर राहिला.

त्याच वर्षी ११ जून रोजी फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत या खेळातील सर्वांत भीषण दुर्घटना घडली. फांजिओंच्या पुढे असलेल्या पिएर लव्हेग यांची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीला धडकून बांधावर आदळली आणि तिचे जळते अवशेष प्रेक्षकांत घुसले. ८० हून अधिक माणसे मरण पावली. धडकेपूर्वीच्या क्षणी लव्हेग यांनी हात वर करून मागील मोटारीला सावध केले, त्यामुळेच आपण वाचलो, असे फांजिओ पुढे सांगत असत. रुग्णवाहिकांचे रस्ते परतणाऱ्या गर्दीने अडू नयेत म्हणून शर्यत चालूच ठेवण्यात आली. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आपल्या उर्वरित मोटारी माघारी घेतल्या आणि हंगामाअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. स्वित्झर्लंडने शर्यतमार्गावरील स्पर्धांवर बंदी घातली. चालक स्वेच्छेने धोका पत्करतो. तिकीट काढून कठड्याशी उभा राहिलेला माणूस असा धोका पत्करीत नाही. हा भेद संयोजकांच्या लक्षात यायला ८० जीव जावे लागले.

१९५६ आणि १९५७

१९५६ मध्ये फांजिओ फेरारीकडे गेले. हे वर्ष त्यांना सुखाचे गेले नाही; संघाच्या व्यवस्थापनाशी त्यांचे जुळले नाही. मोंझा येथील शेवटच्या शर्यतीत त्यांच्या मोटारीचे स्टिअरिंग निकामी झाले. सहकारी लुईजी मुस्सो यांनी आपली मोटार देण्यास नकार दिला. तेव्हा चोवीस वर्षांचे इंग्रज चालक पीटर कॉलिन्स पिटमध्ये आले, खाली उतरले आणि आपली मोटार त्यांनी फांजिओंना दिली. कॉलिन्स यांना त्या दिवशी स्वतः अजिंक्य होण्याची संधी होती. आपल्यापुढे अजून पुष्कळ वर्षे आहेत, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५८ मध्ये, ते न्युर्बुर्गरिंग येथे अपघातात गेले.

त्याच न्युर्बुर्गरिंगवर ४ ऑगस्ट १९५७ रोजी फांजिओंनी जी शर्यत जिंकली तिची गणना या खेळातील सर्वश्रेष्ठ शर्यतींत होते. आयफेल पर्वतातील जंगलातून जाणारी एक फेरी सुमारे २२.८ किलोमीटरची, अशा २२ फेऱ्या. म्हणजे जवळजवळ लातूरहून मुंबई गाठण्याइतके अंतर, साडेतीन तासांत. फेरारीचे माइक हॉथॉर्न व कॉलिन्स पूर्ण टाकी भरून, टणक टायरांवर, कोठेही न थांबता जाणार होते. माझेराटी चालविणाऱ्या फांजिओंनी अर्धी टाकी आणि मऊ टायर निवडले: हलकी मोटार आरंभी वेगाने पळेल, अर्ध्या मिनिटाची आघाडी मिळेल आणि तेवढ्यात टायर व इंधन बदलता येईल, हे गणित. बारा फेऱ्यांपर्यंत गणित बरोबर आले. पिटमध्ये मात्र काम लांबले. ते बाहेर पडले तेव्हा आघाडी जाऊन पाऊण मिनिटाहून अधिक पिछाडी पडली होती.

पुढील दहा फेऱ्यांत फेरीचा विक्रम त्यांनी पुन्हा पुन्हा मोडला. आदल्या वर्षीचा त्यांचाच विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा होता. तो आता ९ मिनिटे १७.४ सेकंदांवर आला. एरवी ज्या वळणांना खालचा गिअर लागे तेथे त्यांनी वरचा गिअर ठेवला. एकविसाव्या फेरीत दोन्ही इंग्रज चालकांना मागे टाकून ३.६ सेकंदांनी त्यांनी शर्यत व पाचवे अजिंक्यपद जिंकले. वय ४६. तसे आपण पूर्वी कधी चालविले नव्हते आणि पुन्हा चालवू इच्छीत नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी नंतर दिली. कमीत कमी धोका पत्करून जिंकावे असे मानणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःचाच नियम मोडला होता, आणि हे त्याला कळत होते.

हवाना, रीम्स आणि नंतर

२३ फेब्रुवारी १९५८ च्या संध्याकाळी क्यूबाची राजधानी हवाना येथील लिंकन हॉटेलमधून शस्त्रधारी तरुणांनी फांजिओंचे अपहरण केले. ते फिदेल कास्त्रो यांच्या '२६ जुलै चळवळी'चे कार्यकर्ते होते. हुकूमशहा बातिस्ता यांनी देशात सर्व आलबेल असल्याचे दाखविण्यासाठी ग्रां प्री भरविली होती. विश्वविजेताच नाहीसा झाला की जगाचे लक्ष वेधले जाईल, हा हेतू. तो पुरेपूर साध्य झाला. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली, तेलाने निसरड्या झालेल्या रस्त्यावरून एक मोटार गर्दीत घुसली आणि प्रेक्षक मारले गेले. फांजिओंना त्यानंतर सुखरूप अर्जेंटिनाच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन करण्यात आले. अपहरणकर्त्यांनी आपल्याला सौजन्याने वागविले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

६ जुलै १९५८ रोजी रीम्स येथे त्यांची शेवटची शर्यत झाली. आघाडीवर असलेले हॉथॉर्न मागून त्यांच्याजवळ येऊन पोहोचले होते आणि एका फेरीने त्यांना मागे टाकू शकत होते. त्यांनी वेग कमी करून ते टाळले. फांजिओ चौथे आले. त्याच शर्यतीत मुस्सो मरण पावले. सहा महिन्यांनी, विश्वविजेते होऊन निवृत्त झालेले हॉथॉर्नही इंग्लंडमधील रस्त्यावर अपघातात गेले. फांजिओंच्या समकालीनांची यादी वाचताना निधनाच्या तारखा फार जवळजवळ येतात. ते स्वतः मात्र पुढे ३७ वर्षे जगले, मर्सिडीजच्या अर्जेंटिनातील शाखेशी संबंधित राहिले आणि १७ जुलै १९९५ रोजी ८४ व्या वर्षी ब्युनोस आयरेस येथे निवर्तले.

आशियाच्या वाट्याला त्या पहिल्या दशकात एकच नाव येते, सयामचे राजपुत्र बीरा. भारतात याच सुमारास, १९५३ मध्ये, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत मोटारी जोडू लागला होता. परंतु सर्वसामान्यांना मोटार दुर्लभ असलेल्या देशात शर्यतीचा प्रश्न उद्भवत नव्हता. पहिला भारतीय, कोइम्बतूरचे नारायण कार्तिकेयन, या स्पर्धेत उतरला तो २००५ मध्ये. ग्रेटर नोएडा येथील शर्यतमार्गावर २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या. चालक होण्यासाठी आज बालपणापासून परदेशी कार्टिंगचा खर्च लागतो, तो उचलणे गॅरेजमधील मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे, बालकार्सेतही आणि लातूरमध्येही.

जुलै २०१३ मध्ये फांजिओंनी १९५४ साली जर्मनी व स्वित्झर्लंडच्या शर्यती जिंकलेली मर्सिडीज इंग्लंडमधील लिलावात १ कोटी ९६ लाख पौंडांना विकली गेली. बालकार्सेमध्ये १९८६ साली उघडलेले त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. गावाने पैसा-पैसा जमवून एकेकाळी ज्या मुलाला शेवरले घेऊन दिली होती, त्याच्या मोटारी व चषक पाहण्यासाठी तेथे परदेशातून लोक येतात.